टक्के एकीकडे, पर्सेंटाइल दुसरीकडे : बीबीए-सीईटी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं परीक्षण

राज्याच्या सीईटी सेलची, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची, बीबीए-बीसीए-बीएमएस-बीबीएम प्रवेश परीक्षा आणि तिच्यामागून येणारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, ही शुल्क घेऊन दिलेली सेवा आहे. मग तिचं परीक्षण ती वापरणाऱ्याच्या बाजूनं व्हायला हवं. इथे वापरणारा म्हणजे सिरोंचा, चिमूर, दारव्हा, देवरी किंवा मूर्तिजापूरच्या आसपासच्या खेड्यातला, मराठी किंवा सेमी माध्यमातून बारावी देणारा विद्यार्थी आणि त्याचे पालक. नागपूर-अमरावतीतल्या मुलाला हीच सेवा बरीच सोपी जाते.

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे व्यवस्थापन आणि संगणकाचे पदवी अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्यानं त्याच वर्षी यांची सीईटी सुरू केली. त्याआधी बहुतेक महाविद्यालयं बारावीच्या टक्क्यांवर बीबीएची यादी लावायची. गावाकडे अजूनही तीच समजूत पक्की आहे. मुलाला ७८ टक्के पडले की घरचे निश्चिंत होतात, मग जूनमध्ये महाविद्यालयाच्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो, ‘सीईटीचा स्कोअर किती?’ आणि सगळं थांबतं.

म्हणून मुद्द्याची गोष्ट आधी. कॅपच्या गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतो. बारावीचे टक्के पात्रतेसाठी लागतात. एकदा पात्र ठरलात की ६२ टक्केवाला आणि ८५ टक्केवाली एकाच रांगेत उभे राहतात, आणि रांगेतली जागा त्या नव्वद मिनिटांच्या पेपरवर ठरते. हे बरोबर की चूक यावर मतं असतील. आमच्या मते आडवळणाच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकलेल्या मुलासाठी यात एक मोठी सोय आहे. तिथे अंतर्गत गुण कसे दिले गेले, बोर्डाचा पेपर कसा तपासला गेला, याचा रांगेशी फारसा संबंध उरत नाही. सगळ्यांना एकाच मापानं मोजलं जातं. ते माप कसलं आहे, यावर मात्र आमची तक्रार आहे, आणि ती पुढे येईल.

पर्सेंटाइल म्हणजे काय हे पालकांना नीट सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून इथे सावकाश सांगतो. समजा तुमच्या सत्रात १०,००० मुलं बसली आणि त्यांपैकी ७,२०० जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, तर तुमचं पर्सेंटाइल ७२. तुम्हाला शंभरपैकी ७२ मिळाले, असा त्याचा अर्थ होत नाही; पेपर अवघड निघाला तर ५० गुणांनाही तेवढं पर्सेंटाइल बसू शकतं. सत्रं वेगवेगळी असली तरी प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी होते, म्हणून ‘सकाळचा पेपर सोपा होता’ ही कुरकुर व्यर्थ आहे. निकालात हा आकडा दशांशाच्या पुढे सात घरांपर्यंत येतो. तो गोल करून लिहू नका. अर्जात, चौकशीत, सगळीकडे स्कोअरकार्डावर जसा छापला आहे तसाच लिहा.

आता त्या मापाकडे येऊ. पेपर संगणकावर, १०० प्रश्न, ९० मिनिटं. इंग्रजी ४०, तर्कक्षमता ३०, सामान्य ज्ञान १५, संगणकाची मूलतत्त्वं १५. पेपर इंग्रजीत. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. इथे बारकाईनं पाहिलं तर कळतं की शंभरातले चाळीस गुण सरळ इंग्रजी भाषेचे आहेत आणि उरलेल्या साठातही प्रश्न कळायला इंग्रजीच लागते. ‘पाच जण रांगेत बसले आहेत, राम श्यामच्या उजवीकडे आहे’ हे कोडं आपल्या पोरांना मराठीत दोन मिनिटांत सुटतं. तेच इंग्रजीत आलं की ‘टू द इमिजिएट लेफ्ट ऑफ’ इथेच मूल अडखळतं आणि मिनिट जातं. व्यवस्थापनाच्या पदवीला इंग्रजी लागतं हे मान्य. पण केंद्राची सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, मराठीसह १३ भाषांत देता येते, मग राज्याची स्वतःची परीक्षा मराठीत का नाही? निदान तर्कक्षमता आणि सामान्य ज्ञान हे दोन भाग द्विभाषिक करायला काय हरकत आहे? या सेवेतली सगळ्यांत मोठी उणीव आम्हाला हीच वाटते आणि तिच्यासाठी पाच ताऱ्यांमधून सरळ एक तारा कापतो.

उणीव आहे म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही. या इंग्रजी भागाची तयारी चार-पाच महिन्यांत होण्यासारखी आहे, कारण त्यात साहित्य नाही. समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, रिकाम्या जागा, वाक्यातली चूक ओळखणं, विस्कटलेली वाक्यं क्रमानं लावणं आणि उतारा. वाक्यातल्या चुका मोजक्याच जागी लपलेल्या असतात : कर्त्याप्रमाणे क्रियापद, काळ, ‘ए-अ‍ॅन-द’, आणि शब्दयोगी अव्ययं. रोज वीस वाक्यं सोडवली आणि चुकलेलं वाक्य कारणासकट वहीत उतरवलं तर दोन महिन्यांत फरक दिसतो. नुसती शब्दांची यादी पाठ करणाऱ्यांचे गुण फारसे वाढत नाहीत. शब्द वाक्यात दिसल्याशिवाय पेपरात ओळखू येत नाही.

वेळेचं गणित असं. ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. संगणक आणि सामान्य ज्ञान या तीस प्रश्नांत विचार करण्यासारखं काही नसतं. येतं किंवा येत नाही. ते बारा-तेरा मिनिटांत उरकावेत. मग तर्कक्षमतेला चाळीसेक मिनिटं आणि इंग्रजीला उरलेली पस्तीस. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवायची आणि जे प्रश्न कोरे राहिले त्या प्रत्येकावर एक पर्याय दाबायचा. वजा गुण नसलेल्या परीक्षेत प्रश्न कोरा सोडणं म्हणजे चौथाई संधी फुकट घालवणं. हे सांगूनही मुलं दहा-बारा प्रश्न कोरे ठेवून येतात, कारण बोर्डाच्या पेपरात ‘येत नाही ते सोडायचं’ अशी सवय लागलेली असते.

आणखी एक अडचण शहरातल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. आपल्याकडच्या कित्येक मुलांनी मोबाइल सराईतपणे वापरलेला असतो, माउस कधीच धरलेला नसतो. परीक्षेला पडद्यावर बोट लावून काही होत नाही. पर्यायाच्या बारीक गोलावर बाण नेऊन क्लिक करायचं, मग ‘सेव्ह अँड नेक्स्ट’. नवख्या हाताला यात प्रश्नामागे तीन-चार सेकंद जास्त लागतात. शंभर प्रश्नांना ते पाच-सहा मिनिटांवर जातं, म्हणजे सहा-सात प्रश्न हातचे गेले. तालुक्याला एमएस-सीआयटीचं केंद्र असतंच. तिथे विनंती करून आठवडाभर रोज अर्धा तास सीईटी सेलच्या सराव चाचणीवर हात बसवून घ्यावा. त्या चाचणीचा पडदा हुबेहूब परीक्षेसारखा असतो. या एका गोष्टीसाठी सीईटी सेलला पूर्ण गुण.

वेळापत्रकाला मात्र देता येत नाहीत. या परीक्षेची नोंदणी बारावीच्या निकालाआधीच संपते. शहरात शिकवणीवाले आठवण करून देतात. खेड्यात प्रवेशाचा विषय निकाल हाती आल्यावरच निघतो, तोवर अर्जाची खिडकी बंद झालेली असते. परीक्षा एप्रिलअखेर ते मे या काळात. पूर्व विदर्भात तो तेंदूपत्त्याचा हंगाम. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात अख्खं घर पहाटे पानं तोडायला जातं, त्यात बारावी दिलेली पोरंही असतात. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर, वर पंचेचाळीस अंशांकडे गेलेलं ऊन. सकाळचं सत्र आलं तर आदल्या दिवशी निघून मुक्काम करावाच लागतो. एसटीत मुलींना अर्धं तिकीट आहे, पण सोबत येणाऱ्या वडिलांना पूर्ण लागतं. हा सगळा खर्च परीक्षा शुल्काच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो. केंद्राचं शहर निवडताना म्हणून नकाशावरचं अंतर बघू नका, थेट एसटी कुठे जाते ते बघा.

२०२४ ला आणि २०२५ ला पहिल्या परीक्षेनंतर जादा सीईटी घ्यावी लागली. जागा जास्त आणि परीक्षा देणारे कमी, हे त्यामागचं कारण. चुकलेल्यांना संधी मिळाली हे चांगलंच झालं. पण जादा परीक्षेवर विसंबून पहिली सोडणं धोक्याचं, कारण ती दरवर्षी होईलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. शिवाय ती जुलै-ऑगस्टात येते, तेव्हा घरातला पैसा बियाण्या-खतात गुंतलेला असतो. डिसेंबर उजाडला की सीईटी सेलचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा पाहायची सवय लावा, एवढाच याला उपाय आहे.

अर्ज भरण्याची पद्धत स्वतःहून वाईट नाही. ती बिघडते नेट कॅफेत. गर्दीच्या दिवशी कॅफेवाला स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि स्वतःचाच ई-मेल टाकून मोकळा होतो, कारण ओटीपीसाठी थांबायला त्याला वेळ नसतो. भरलेल्या अर्जाची प्रिंट हातात घेऊन मोबाइल क्रमांकाची ओळ पाहा. तिथे तुमच्या घरातला नंबर नसेल, तर पुढचे सगळे निरोप, कागदपत्रातल्या त्रुटीचा, जागा मिळाल्याचा, मुदत संपत आल्याचा, तिसऱ्याच्या फोनवर जाणार आहेत आणि पासवर्ड बदलायची चावीही त्याच्याकडेच राहणार आहे. प्रिंटवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आधारवर वडिलांचं नाव मधे आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, हा घोळ विदर्भात घरोघरी आहे. अर्जात गुणपत्रिकेप्रमाणे नाव ठेवा आणि आधारची दुरुस्ती परीक्षेआधी उरकून घ्या.

कागदपत्रांत सर्वांत जास्त पोरं पडतात ती जात वैधतेत. विज्ञान शाखेत वर्गशिक्षकच बारावीला वैधतेचा अर्ज भरून घेतात. कला-वाणिज्य शाखेत हा विषय वर्गात निघतच नाही, कारण बी.ए.-बी.कॉम.ला आजवर कुणी तसा आग्रह धरला नव्हता. बीबीए आता व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या रांगेत आल्यावर राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, वैधता लागते. समितीकडून ती यायला महिने लागतात. पणजोबांच्या कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतल्या, नोंदीपर्यंत जावं लागलं तर आणखी उशीर. अर्ज अकरावीतच करावा. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना नॉन-क्रिमीलेअरही लागतं आणि ते प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं; २०२६ च्या उन्हाळ्यात प्रवेश घेत असाल तर ३१ मार्च २०२७. मुदत संपलेला दाखला घेऊन गेलेला विद्यार्थी छाननीत थेट खुल्या प्रवर्गात टाकला जातो. ईडब्ल्यूएसचा दाखलाही त्या-त्या आर्थिक वर्षाचाच. सेतूत गर्दी जूनमध्ये होते, एप्रिलमध्ये काम लवकर होतं.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की दोन-तीन दिवस हरकतीसाठी मिळतात. प्रवर्ग, टक्के, जन्मतारीख चुकली असेल तर तेव्हाच लॉगिनमधून हरकत टाकायची. अंतिम यादीनंतर कुणाच्या हातात काही उरत नाही.

पसंतीक्रमाचा फॉर्म हा या सेवेतला आमच्या मते सर्वांत नीट विचार करून बांधलेला भाग आहे आणि नेमका तोच सर्वांत चुकीचा भरला जातो. यंत्रणा तुमच्या यादीत वरून खाली येते आणि तुमच्या पर्सेंटाइलला पहिली जी जागा बसते ती देते. म्हणजे ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडतं महाविद्यालय खाली ढकलण्यात तोटाच आहे. ते वरच ठेवा. नाही मिळालं तर खालच्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट बाजूनं, जिथे जायचंच नाही ते नाव यादी भरायला म्हणून टाकू नका. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव निघतं. तीनच जवळची महाविद्यालयं भरून थांबणारे मात्र पहिल्या फेरीत रिकाम्या हातानं राहतात. वसतिगृह, एसटीचा पास आणि रोजचं येणं-जाणं याचा हिशेब मांडून दहा-बारा नावं तरी असावीत. यादी लिहिली की ती पासवर्ड टाकून ‘कन्फर्म’ करावी लागते. नुसती सेव्ह केलेली यादी धरली जात नाही.

जागा मिळाल्यावर १,००० रुपये स्वीकृती शुल्क भरून ‘फ्रीझ’ (हीच जागा पक्की) किंवा ‘नॉट फ्रीझ’ (ही जागा धरून पुढच्या फेरीतही उतरणं) निवडायचं. नॉट फ्रीझमध्ये पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली तर आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. फ्रीझ केल्यावर मूळ कागदपत्रांसह महाविद्यालयात मुदतीत हजर होऊन प्रवेशाची ऑनलाइन पावती घ्या. कार्यालयातून ‘झालं तुमचं’ असं तोंडी ऐकून घरी येऊ नका.

पैशाचं थोडक्यात. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरच्या बहुतेक शुल्क सवलती कॅपमधून आलेल्या विद्यार्थ्यालाच मिळतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला त्या लागू होत नाहीत, अभिमत विद्यापीठांनाही राज्याच्या बऱ्याच योजना लागू नाहीत. ‘सीईटीची गरज नाही, आम्ही बसवून देतो’ म्हणणारा एजंट नेमकी हीच गोष्ट सांगत नाही. तीन वर्षांचं पूर्ण शुल्क अंगावर पडतं तेव्हा कळतं.

बारावीच्या टक्क्यांना खरी किंमत आहे ती राज्याबाहेरच्या आणि खासगी दारांवर. आयआयएम जम्मू आणि बोधगयेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी जिपमॅट ही परीक्षा असते. १०० प्रश्न, १५० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १. तिथे दहावी आणि बारावी दोन्हींत ६० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५५ टक्के लागतात. म्हणजे दहावीत ५८ वर थांबलेल्याला बारावीत ९० मिळवूनही उपयोग नाही. आयआयएम रोहतक तर आधीच्या परीक्षांच्या गुणांना अंतिम यादीत वजन देतं. इंदूरचा अभ्यासक्रम या प्रकारातला सर्वांत जुना, २०११ चा. त्यांच्या परीक्षेत तीन भागांना प्रत्येकी ४० मिनिटं आणि गणित कडक. नागपुरात सिम्बायोसिसचा कॅम्पस आहे, तिथे ‘सेट’ ही त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि नंतर मुलाखत. वजा गुण नाहीत, पण शुल्क पाहूनच अर्ज करावा.

आणि दिल्ली विद्यापीठ. बीएमएससाठी सीयूईटीमध्ये भाषा, गणित आणि सामान्य चाचणी हे तीन पेपर लागतात. प्रत्येकी ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला ५, चुकीला वजा १. दोघांचे गुण सारखे आले की बारावीचे टक्के पाहिले जातात. पेपर मराठीत मिळतो ही जमेची बाजू. पण इथे आपल्या वाणिज्य शाखेच्या मुलांची वाट वेगळ्याच जागी अडते. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणिताचा शिक्षक नसतो, किंवा असला तरी ‘एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घे, सहकार घे, टक्के वाढतील’ असा सल्ला मिळतो. टक्के वाढतातही. मात्र गणित सुटलं की दिल्लीचं बीएमएस आणि आयआयएमची दारं जवळजवळ बंद होतात. राज्याच्या बीबीए-सीईटीला गणित विषय लागत नाही, म्हणून ते दार तेवढं उघडं राहतं.

आमचे तारे पाचपैकी साडेतीन. एक तारा इंग्रजीच्या सक्तीसाठी कापला, अर्धा वेळापत्रकासाठी. उरलेले साडेतीन पारदर्शक वाटपासाठी, जिथे ओळख लागत नाही आणि वशिला चालत नाही.

एक प्रश्न महाविद्यालयाला जरूर विचारा : तुमच्या अभ्यासक्रमाचं नाव नेमकं काय? सीईटी आल्यापासून काहींनी जुनाच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या नव्या नावाखाली सुरू ठेवला आहे. त्याला सीईटी लागत नाही, बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश होतो. ते वाईटच असतं असं नाही. पण मग ते बीबीए म्हणून विकलं जाऊ नये आणि शुल्कही बीबीएचं घेतलं जाऊ नये. घराजवळ अनुदानित महाविद्यालय असेल, तिथे शिक्षक पूर्ण असतील आणि मुलीला रोज घरून जाता येत असेल, तर साधं बी.कॉम. करून पुढे एमबीए-सीईटी देणं कित्येकदा विनाअनुदानित बीबीएपेक्षा शहाणपणाचं ठरतं. एमबीएला कुठलीही पदवी चालते.